पिंजऱ्यातली ओल

गिनिपिगाचा पिंजरा घाण झालाय की नाही, हे बहुतेक घरांत लेंड्यांवरून ठरतं. लेंड्या डोळ्यांना दिसतात, झाडूने गोळा होतात आणि त्या गेल्या की काम झालं असं वाटतं. एक धडधाकट गिनिपिग दिवसाला शंभराहून जास्त लेंड्या टाकतो, त्यामुळे झाडणाऱ्याला समाधानही भरपूर मिळतं. पण जनावर निरोगी असेल तर या लेंड्या कोरड्या, टणक आणि जवळजवळ बिनवासाच्या असतात. त्यांच्याखेरीज एक मऊ लेंडी असते, ती गिनिपिग जमिनीवर पडूच देत नाही. मान वळवून थेट तोंडात घेतो आणि खातो. पहिल्या फेरीत आतड्यात तयार झालेली जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्याला अशी दुसऱ्या फेरीत मिळतात. किळस वाटून त्याला अडवायला जाऊ नये.

अपाय करणारी घाण वेगळ्या जागी असते. गिनिपिग मुतायला एखाद-दोन ठरावीक कोपरे धरतो. त्या कोपऱ्यातल्या अंथरुणाचा वरचा थर हाताला कोरडा लागतो आणि खालचा चिंब असतो. ‘रोज झाडतो, तरी वास कसा येतो?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर त्या खालच्या थरात आहे.

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात हा कोपरा जास्तच महत्त्वाचा. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते, काड्यापेटी ओढून ओढून दमायला होतं. घोलवड-बोर्डीकडे समुद्राची खारी हवा, तलासरीकडे डोंगरावरून येणारा पाऊस. ओल मात्र दोन्हीकडे सारखीच. आणि गिनिपिग आला कुठून, तर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून, म्हणजे थंड आणि कोरड्या हवेतून. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला मांसासाठी माणसाळवलं. पेरू देशातल्या खेड्यांत तो परंपरेने स्वयंपाकघरातच, चुलीच्या उबेला राहतो. साधारण १८ ते २४ अंश सेल्सियस त्याला मानवतं. तिशीच्या वर पारा गेला की तो धापा टाकू लागतो, आणि त्याच्या अंगाला घाम येत नाही. अशा प्राण्याला आपण कोकणच्या उत्तर टोकाला आणून ठेवलंय, तेव्हा त्याच्या पिंजऱ्याची सफाई अँडीजच्या किंवा लंडनच्या हिशेबाने करून भागणार नाही.

ओल नेमकं काय करते? ताज्या मुताला फारसा उग्र वास नसतो. त्यात युरिया असतो. अंथरुणातले जिवाणू तो युरिया फोडतात आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. नाकात झणकन जाणारा वास तो हाच. जिवाणूंना या कामासाठी ओलावा, ऊब आणि वेळ लागतो. पावसाळ्यातल्या डहाणूत पहिल्या दोन गोष्टी फुकट मिळतात, आपल्या हातात राहतो तो फक्त वेळ. त्यात गिनिपिगाचं मूत्र अल्कधर्मी असतं, त्यामुळे तयार झालेला अमोनिया मुतात मुरून न राहता लवकर हवेत उडतो. गादी पद्धतीने कोंबड्या पाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तूस भिजलं की शेडमध्ये डोळे चुरचुरतात आणि कोंबड्या शिंकू लागतात, हे ते दरवर्षी बघतात.

आपल्याला उभ्याने जो वास येतो, तो बऱ्यापैकी पातळ झालेला असतो. गिनिपिगाचं नाक अंथरुणापासून जेमतेम दोन इंचांवर, आणि तो चोवीस तास तिथेच. म्हणून पिंजरा तपासायचा तर गुडघे टेकून, तोंड जाळीच्या खालच्या कडेपाशी नेऊन एक मोठा श्वास घ्यायचा. तिथे नाक चुरचुरलं तर सफाईला उशीर झाला आहे. अमोनियाने श्वासमार्गाचं आतलं अस्तर दुखावतं आणि तिथे बोर्डेटेलासारख्या जिवाणूंना वाट मिळते. गिनिपिगाला न्यूमोनिया झाला की तो वाचवणं अवघड. हेच जिवाणू सशाच्या नाकात त्याला काही न करता राहू शकतात, म्हणून ससा आणि गिनिपिग एका पिंजऱ्यात ठेवू नयेत. माशांची काचेची टाकी रिकामी आहे म्हणून त्यात गिनिपिग ठेवणं तर सर्वांत वाईट. चारी बाजू बंद, वायू आतच कोंडून राहतो.

घाण आणि रोग यांचं नातं वाटतं तितकं सरळ नाही, हे मुंबईला एकेकाळी गिनिपिगांनीच शिकवलं. ती हकीकत इथे सांगायलाच हवी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. सरकारला खात्री होती की हा रोग घाणीतून येतो. गटारं कार्बोलिक आम्लाने धुतली, चाळींना चुना फासला, घरांवरची कौलं काढून आत ऊन सोडलं, माणसांना घराबाहेर काढलं. प्लेग काही हटला नाही. १८९८ मध्ये पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून सांगितलं की हा रोग उंदरांच्या पिसवा पसरवतात. त्याचं म्हणणं बरीच वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन नावाचा डॉक्टर याच वाटेने गेला. राणीच्या बागेतले गिनिपिग प्लेगने मेले, तेव्हा त्याने त्यांचं अंग तपासलं आणि त्याला उंदरांवरच्या पिसवा सापडल्या. त्याचा ‘प्लेग, उंदीर आणि पिसवा’ या विषयावरचा लेख १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला.

त्याच वर्षी प्लेग संशोधनासाठी नेमलेल्या आयोगाने परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये काम सुरू केलं. तिथे १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा होती. १९२५ पासून तिलाच हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. आयोगाने छोट्या खोल्या बांधल्या. अहवालात त्यांना ‘गोडाउन’ म्हटलं आहे. त्यांत प्लेग झालेले आणि निरोगी गिनिपिग एकत्र सोडले. ज्या खोल्यांत पिसवा शिरणार नाहीत असा बंदोबस्त होता, तिथे आजारी जनावरांच्या अंगाला अंग लावून राहूनही निरोगी गिनिपिग निरोगीच राहिले. प्लेग झालेल्या आयांचं दूध पिणारी पिल्लंही वाचली. जिथे पिसवा सोडल्या, तिथे मात्र एकामागून एक जनावरं गेली. मग निरोगी गिनिपिगांचे पिंजरे जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर ठेवून पाहिले. दोन इंचांवरच्या पिंजऱ्यात प्लेग पोहोचला, दोन फुटांवरच्या पिंजऱ्यात पोहोचला नाही. पिसूची उडी तेवढी जात नाही.

१९०६ पासून हा अहवाल ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये छापून येऊ लागला. निष्कर्ष सांगताना लेखकांनी त्यात एक गोष्ट मुद्दाम नोंदवली आहे: या खोल्या कधीही साफ केल्या नव्हत्या. म्हणजे निरोगी गिनिपिग आजारी गिनिपिगांच्या मलमूत्रात वावरत होते, त्याने बरबटलेलं अन्न खात होते, तरी पिसवांवाचून त्यांना प्लेग झाला नाही. प्रयोग निर्दय होता यात शंका नाही. पण मुंबईभर कार्बोलिक ओतून जे कळलं नाही, ते या न झाडलेल्या खोल्यांनी दाखवलं.

यातून ‘चला, आता पिंजरा साफ करायला नको’ असा अर्थ काढणारे महाभाग निघतील. प्लेगपुरतं ते खरं आहे. अमोनिया, बुरशी आणि माशा यांच्यापुरतं खरं नाही. धडा एवढाच घ्यायचा की कोणती घाण कोणता अपाय करते ते आधी बघावं आणि मेहनत तिथे लावावी. आपल्याकडे ती मेहनत ओल काढण्यात लावायची आहे. दोन फुटांची उंची मात्र जशीच्या तशी उचलावी. पिंजरा टेबलावर असला की जमिनीची ओल लागत नाही, खालून वारा खेळतो, आणि पावसाळ्यात घरात शिरणाऱ्या उंदीर-घुशींना खाण्यापर्यंत पोहोचणं कठीण जातं. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि तो माणसालाही होतो. जाळीचं भोक अर्ध्या इंचाहून मोठं नसावं.

आता अंथरुणाकडे येऊ. या बाबतीत डहाणू-तलासरीकर नशीबवान आहेत, कारण गिनिपिगाला जे सर्वांत जास्त लागतं ते त्यांच्या दारात पिकतं. गवत. गिनिपिगाच्या आहाराचा मोठा हिस्सा वाळलेलं गवत असतो. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चघळूनच झिजतात. शिवाय अंथरुणाचा वरचा थर म्हणूनही तेच चालतं. इथल्या माळांवरचं गवत पावसाळा संपला की कापायचं, वाळवायचं, गाठी बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचं, हा या भागातला जुना धंदा. त्या गवताला इतिहास आहे. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावात वारली आदिवासींची सभा झाली आणि वेठीविरुद्धचा लढा उभा राहिला. त्याच वर्षी गवत कापणीच्या हंगामात मजुरांनी पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मागितले. १० ऑक्टोबरला तलवाडा इथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या लढ्याची हकीकत आहे.

गवत घेताना ते पारखून घ्यावं. चांगल्या वाळलेल्या गवताचा रंग थोडा हिरवट राहतो आणि वास गोडसर येतो. काळपट, कुबट किंवा झटकल्यावर धूर उडावा तशी धूळ उडणारं गवत बुरशी लागलेलं समजावं, मग ते कितीही स्वस्त मिळो. एक मूठ घेऊन पिळावी. काड्या कडकडून मोडल्या तर गवत कोरडं आहे, नुसत्या वाकल्या तर अजून ओल आहे. कुसळी गवत तर घरात आणूच नये. त्याची कुसळं गिनिपिगाच्या ओठांत, हिरड्यांत आणि डोळ्यांत रुततात. भाताचा पेंढा फुकट मिळतो म्हणून लोक तोच घालतात; तो खायला निकस, मूत शोषायला नालायक आणि भिजला की दोन दिवसांत बुरसटणारा. भाताचं तूस कोंबड्यांना ठीक, पण गिनिपिगाच्या मऊ तळव्यांना त्याच्या कडा टोचतात. वखारीतल्या भुशाची बारीक भुकटी त्याच्या नाकात जाते, आणि त्यात प्लायवूडचा भुसा मिसळलेला असेल तर सोबत डिंक आणि रसायनंही येतात.

मग तळाला काय घालावं? वर्तमानपत्रांचे सहा-सात पदर, मुतायच्या कोपऱ्यात त्याच्या दुप्पट, आणि वर चार बोटं गवत. एवढं साधं अंथरूण या हवेत उत्तम चालतं, कारण ते धुवून वाळवावं लागत नाही. शहरात फ्लीसच्या कापडाची पद्धत आहे: वर फ्लीस, खाली टॉवेल. मूत फ्लीसमधून खाली उतरतं आणि वरचा भाग कोरडा राहतो. ऑक्टोबर ते मे ही पद्धत छान. पावसाळ्यात धुतलेले टॉवेल दमट राहतात, तसेच परत घातले जातात, आणि मग कोरडेपणासाठी केलेली सोयच ओलीचं घर बनते. ज्यांच्याकडे कपडे वाळवायचं यंत्र नाही, त्यांनी जून लागला की कागदावर यावं. आणि तळाला तारेची जाळी कधीच नको. खाली घाण पडून जाते हे खरं, पण गिनिपिगाच्या तळव्यांना जखमा होतात आणि त्या ओल्या पिंजऱ्यात चिघळतात.

रोजचं काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे, मात्र त्यात खाडा नको. सकाळी ओला कोपरा तळापर्यंत उचलायचा, वरवर नाही. कागद, गवत, लेंड्या सगळं एकदम गुंडाळून बाहेर काढायचं, तळ कोरड्या फडक्याने पुसायचा आणि मगच नवे कागद घालायचे. ओल्या तळावर कागद टाकले तर ते घालण्याआधीच भिजले. पाण्याची बाटली पालथी धरून तिच्या तोटीतून ठिबकतंय का ते बघायचं. ‘फार मुततो’ असा बोल ज्याला लागतो, त्याची पुष्कळदा गळकी बाटलीच निघते. कोथिंबीर, पालेभाजी, काकडी यांचा उरलेला भाग दोन-तीन तासांत उचलायचा. संध्याकाळी कोपऱ्यावरून पुन्हा एक नजर.

आठवड्यातून एकदा पिंजरा पूर्ण रिकामा करून धुवायचा, पावसाळ्यात दोनदा. धुतल्यावर तो पूर्ण वाळेपर्यंत गिनिपिगाला दुसऱ्या खोक्यात ठेवायचं, आणि ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवायचं. ट्रेवर एक पांढरा, खरखरीत थर दिसेल. गिनिपिगाच्या मुतात कॅल्शियमचे क्षार भरपूर असतात, त्यांचे हे पोपडे. साबणाने घासून हात दुखतील, ते जाणार नाहीत. त्यावर स्वयंपाकातला पांढरा व्हिनेगर ओतून वीस मिनिटं ठेवावा. क्षार सुटे होतात आणि फडक्याने निघतात. मूत ढगाळ, पांढुरकं दिसणं नेहमीचं आहे. त्यात वाळूसारखे कण दिसले, रंग लाल झाला किंवा मुतताना जनावर ओरडलं, तर ते दुखणं आहे.

फिनेल वापरू नये. काळ्या फिनेलमध्ये कोळशाच्या डांबरातली फिनॉल जातीची रसायनं असतात, म्हणजे प्लेगच्या दिवसांत मुंबईच्या गटारांत ओतलेल्या कार्बोलिकचीच भावकी. गिनिपिगाची त्वचा ती शोषते, आणि तो पाय चाटतो तेव्हा ती पोटातही जातात. पांढऱ्या फिनेलचा उग्र वास त्याच्या नाकाला सोसत नाही. जंतू मारायचेच असतील, म्हणजे आधीचं जनावर आजाराने गेलं असेल किंवा पिंजरा जुना विकत घेतला असेल, तर तो आधी साबणाने धुवून, मग क्लोरीनच्या पातळ पाण्याने पुसून, भरपूर पाण्याने खळखळून उन्हात ठेवावा. मूत साचलेल्या ट्रेवर क्लोरीन थेट ओतू नये आणि व्हिनेगरमध्ये मिसळू नये. दोन्हींतून विषारी वायू निघतात, आणि न्हाणीघराचं दार लावून हे करणारा माणूसच आधी खोकत बाहेर येतो. एक मूठ जुनं, पण कोरडं गवत मात्र धुतलेल्या पिंजऱ्यात परत घालावं. स्वतःच्या वासाची जागा सापडली की गिनिपिग बुजत नाही.

पावसाळ्यात सफाई पिंजऱ्यापाशी थांबत नाही, जनावराच्या अंगापर्यंत जाते. ओल्या गवतात बसून मागचा भाग भिजला, त्याला मुताचा वास लागला की हिरव्या-निळ्या माशा तिथे अंडी घालतात. एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत कातडीत शिरतात. किडे पडले म्हणतात ते हेच. वाड्यांत चिकू पिकून गळत असतात, तिथे माशांना तोटा नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ गिनिपिगाला उचलून त्याचं बूड बघावं; ओलं असेल तर कोमट पाण्याने तेवढंच पुसून कोरडं करावं. कान आणि नाकाभोवती केस गळून गोल, खवलेदार चट्टा दिसला तर तो नायटा असू शकतो. तो मुलांच्या हातांनाही लागतो. अशा गिनिपिगाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

आजार दिसला तर थांबू नये. तालुक्याच्या दवाखान्यात जनावरांचे डॉक्टर असतात, पण त्यांचा रोजचा संबंध गाई-म्हशी आणि शेळ्यांशी. त्यांना आवर्जून सांगावं की हा गिनिपिग आहे आणि पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन जातीची औषधं याला चालत नाहीत. ती आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि त्यानेच जनावर दगावतं. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ पासून धावते. तरी न्यूमोनिया झालेला गिनिपिग तेवढा प्रवास सोसेलच असं नाही. म्हणून आजार टाळणं बरं, आणि त्यासाठी गिनिपिगाला सफाईइतकीच गरज क जीवनसत्त्वाची असते, कारण माणसाप्रमाणेच त्याचं शरीर ते बनवत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांना स्कर्व्ही हा रोग प्रयोगात उभा करता आला तो गिनिपिगांतच. डहाणूच्या शेतांत पिकणाऱ्या ढोबळी मिरचीची एक फोड रोज द्यावी, पेरूचा लहान तुकडा अधूनमधून. चिकू देऊ नये. त्यात साखर फार, आणि पोट बिघडलं की लेंड्या मऊ होऊन कोरड्या पिंजऱ्याचाही चिखल होतो.

पिंजऱ्यातून निघालेला कागद-गवताचा गठ्ठा फेकायची गरज नाही. शाकाहारी जनावराचं ते शेणखतच आहे. खड्ड्यात पालापाचोळ्यासोबत कुजवलं की परसातल्या वांग्या-मिरच्यांना चालतं. नायटा किंवा दुसरा आजार झालेल्या जनावराचं अंथरूण तेवढं खतात घालू नये, जाळावं.

गवत दिवाळीनंतर, नव्या कापणीचं, पुढच्या ऑक्टोबरपर्यंत पुरेल इतकं घेऊन ठेवावं. माळ्यावर, भिंतीपासून सुटं, फळ्यांवर, गोणपाटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं गवत घामेजून बुरसटतं. जून उजाडल्यावर बाजारात जे मिळतं ते बहुधा भिजलेलं असतं. आणि एक रोखठोक सल्ला: ज्या घरात पावसाळ्याचे चार महिने कोरडी, वारा लागणारी, जमिनीपासून दोन फूट वर अशी सात-आठ चौरस फुटांची जागा मोकळी ठेवता येत नाही, त्या घराने गिनिपिगांची जोडी आणू नये. मुलांनी हट्ट धरला तर ऑगस्टमध्ये ती जागा त्यांना दाखवावी, आणि ती कोरडी असली तरच दिवाळीनंतर दुकानात जावं.